दोन लॅपटॉप गेले, आता तिसरा कुठला घेऊ?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. स्ट्रक्चरल ऑडिटचं काम, महिन्यातले दहा-बारा दिवस पुण्याबाहेर, शिवनेरीने मुंबई नाहीतर एसटीने कोकण, आणि यंदा ऑक्टोबरात लेहला पंधरा दिवस. तीन वर्षांत दोन लॅपटॉप गेले, एकाची स्क्रीन न पडताच फुटली आणि दुसऱ्याची बॅटरी फुगून टचपॅड वर आलं. बजेट साठ हजार. ऑटोकॅड टू-डी, एक्सेल, साइटचे ढीगभर फोटो आणि रिपोर्ट, एवढंच काम.

तिसरा कुठला ते सांगतोच, पण पहिले दोन का गेले ते आधी बघू, नाहीतर तिसराही त्याच वाटेने माझ्यासारख्या कुणाच्या तरी टेबलावर येणार. मी नारायण पेठेत अठरा वर्षं लॅपटॉप उघडतोय, आणि सारखं फिरणाऱ्या माणसाचा लॅपटॉप आला की मी पहिल्यांदा विचारतो, सॅक आणलीय का? तुमचे दोन्ही लॅपटॉप माझ्या मते सॅकमध्येच गेलेत.

स्क्रीनचं बघा. पडून फुटलेली आणि दाबून फुटलेली स्क्रीन लगेच ओळखू येते. पडली की तडा कोपऱ्यातनं निघतो आणि तिथे बॉडीलाही पोचा असतो. दाबली गेली की मध्येच कुठेतरी शाईचा थेंब सांडल्यासारखा काळा डाग आणि त्यातून निघालेल्या रेषा, बाहेरून झाकणावर मात्र ओरखडासुद्धा नाही. गिऱ्हाईक शपथेवर सांगतं, दादा पडला नाही हो, आणि बिचारं खरंच बोलत असतं. मागे एक इंजिनिअरिंगचा मुलगा असाच आला, त्याला म्हटलं सॅक दे इकडे, लॅपटॉप नेहमी ठेवतोस तसा ठेव. त्याने ठेवला. पुढच्या कप्प्यात चार्जरची वीट होती, मी बाहेरून तिच्या कोपऱ्यावर बोट धरलं, त्याला म्हटलं आता लॅपटॉप हळूच बाहेर काढून त्याच उंचीवर धर आणि उघड, तर डाग बरोब्बर बोटासमोर. पोरगं गप्पच झालं. बसमध्ये सॅक मांडीवर घेऊन तिच्यावर हात टेकून झोपला असणार, बास, तेवढं पुरतं, कारण आजकालच्या पातळ लॅपटॉपात झाकण आणि काच यांच्यात जागाच नसते, झाकण दबलं की थेट पॅनल दबतं.

म्हणून सॅकमध्ये ठेवताना झाकणाची बाजू आपल्या पाठीकडे आणि तळाची बाजू बाकी सामानाकडे. तळ मजबूत असतो, तो दाब सोसतो. चार्जर, पाण्याची बाटली, डबा यांतलं काहीच झाकणाच्या बाजूला नको, चार्जर शक्यतो सॅकच्या तळाशी नाहीतर बाजूच्या कप्प्यात. आणि सॅक घेताना लॅपटॉपच्या कप्प्यात हात घालून खालपर्यंत बघा, कप्पा सॅकच्या बुडापासून दोन बोटं तरी वर संपायला हवा. बऱ्याच स्वस्त सॅकमध्ये तो थेट बुडाला टेकतो, मग स्वारगेटला बसमधून उतरून सॅक फरशीवर टेकवली की दर वेळी लॅपटॉपचा कोपरा आपटतो, आपल्याला वाटतं सॅक ठेवली. तेच कॅमेऱ्यावर चिकटवायच्या त्या सरकत्या पट्टीचं, झाकण बंद केलं की तिची जाडी काचेवर येते. २०२० साली अ‍ॅपलने स्वतः सांगितलं होतं की कॅमेऱ्यावर झाकण लावून मॅकबुक बंद करू नका. फारच वाटत असेल तर साधा कागदी टेप लावा.

आता बॅटरी. तुम्ही काय करता ते मी न बघता सांगतो, साइटवरून निघायची घाई, झाकण फटकन बंद, लॅपटॉप सॅकमध्ये, सॅकची चेन बंद. पूर्वीचे लॅपटॉप झाकण बंद केलं की खरंच झोपायचे. हल्लीच्या बहुतेक विंडोज लॅपटॉपांत मॉडर्न स्टँडबाय नावाचा प्रकार आहे, मोबाईलसारखा, म्हणजे झाकण बंद असलं तरी मशीन अधूनमधून उठतं, मेल बघतं, अपडेट ओढतं. टेबलावर असताना ठीक आहे, पण सॅकमध्ये चारही बाजूंनी फोम, हवा जायला वाट नाही, आत भट्टी होते. खोपोलीच्या आसपास सॅकला हात लावून बघा कधीतरी, पाठीला गरम लागेल. लिथियमच्या बॅटरीला दोन गोष्टी फार बाधतात, उष्णता आणि सतत शंभर टक्के चार्ज, आणि तुमच्या बाबतीत दोन्ही एकदम, कारण निघायच्या आधी फुल्ल चार्ज केलेला असणार. आतलं इलेक्ट्रोलाइट हळूहळू खराब होऊन वायू तयार होतो आणि चपट्या पाकिटासारखे सेल फुगतात, त्यांना वर जायला जागा म्हणजे टचपॅड.

उपाय फुकट आहे. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडा, झाकण बंद केल्यावर काय करायचं तिथे स्लीपच्या जागी हायबरनेट निवडा. बऱ्याच मशिनींत हायबरनेट लपवलेलं असतं, त्याच पानावर आधी ते चालू करावं लागतं. हायबरनेटमध्ये रॅममधलं, म्हणजे चालू कामाचं, सगळं एसएसडीवर, म्हणजे कायमच्या साठवणीत लिहून मशीन पूर्ण बंद होतं, उघडल्यावर तुमचं ड्रॉइंग जिथे सोडलं तिथेच, फक्त दहा-पंधरा सेकंद जास्त लागतात. आणि झाकण बंद केल्याबरोबर सॅकमध्ये कोंबू नका, लाइट आणि फॅन बंद होईपर्यंत थांबा, तेवढ्यात टेप आणि हेल्मेट आवरून होतं.

बॅटरीची तब्येत बघायची असेल तर कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी, मग स्पेस, स्लॅश आणि बॅटरीरिपोर्ट असं एका ओळीत इंग्रजीत (powercfg /batteryreport) टाइप करा, एक फाइल तयार होते, त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या साठ टक्क्यांच्या खाली गेला असेल तर लांबच्या दौऱ्याआधी बॅटरी बदलून घ्या. सेकंडहँड घेताना तर हे दुकानदारासमोरच करा, त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

आता घ्यायचा कुठला. तुमच्या कामाला ग्राफिक कार्ड लागत नाही, त्यामुळे गेमिंग लॅपटॉप कितीही स्वस्त दिसला तरी नको, सव्वादोन किलोचं मशीन आणि वर चार्जर म्हणजे अक्षरशः वीट, संध्याकाळी खांदा बोलतो. चौदा इंची, वजन दीड किलोच्या आत, रॅम सोळा जीबी, एसएसडी ५१२. रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे का ते विचारा, असेल तर आठ जीबीवाला घेऊन पुढे वाढवू असं मनात आणू नका, वाढत नाही. स्क्रीन मॅट हवी आणि ब्राइटनेस निदान ३०० निट्स. साइटवर उन्हात २५० निट्सच्या स्क्रीनमध्ये ड्रॉइंग दिसत नाही, स्वतःचं तोंड दिसतं.

आणि बिजागरी, म्हणजे हिंज. हे कुठल्याच जाहिरातीत नसतं आणि माझ्याकडे येणाऱ्या फिरत्या लॅपटॉपांत स्क्रीनच्या खालोखाल हेच दुखणं. हिंजचा एक पाय झाकणात आणि दुसरा खालच्या बॉडीत स्क्रूने बसवलेला असतो, आणि स्वस्त मॉडेलमध्ये ते स्क्रू ज्यात बसतात ती पितळेची छोटी नळी नुसती प्लॅस्टिकमध्ये रुतवलेली असते. हिंज कडक, प्लॅस्टिक मऊ, तुम्ही रोज एका कोपऱ्याला धरून झाकण उघडता, की एक दिवस कटकन आवाज येतो आणि प्लॅस्टिकसकट नळी उपटून बाहेर. मग कोणीतरी तिथे एम-सील भरून देतं, ते महिनाभर टिकतं आणि पुढच्या वेळी आणखी मोठा तुकडा निघतो. दुकानात गेलात की झाकण मधोमध एका बोटाने उघडून बघा, खालची बॉडी वर उचलली जात असेल तर हिंज फार कडक आहे. मग मशीन एका कोपऱ्याला धरून उचला, करकरलं किंवा वाकलं तर पुढचं बघा. सेल्समन जरा बघेल तुमच्याकडे, बघू द्या.

साठ हजारांत मी स्वतः काय घेईन? कंपन्यांच्या ऑफिससाठी बनवलेल्या सिरीजपैकी काहीतरी, लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक, असले. लॅटिट्यूडचं नाव डेलने २०२५ मध्ये बदलून डेल प्रो केलंय, त्यामुळे नव्यात ते शोधा. दिसायला सगळी मशिनं गिरणीतल्या सुपरवायझरसारखी, काळी-करडी, पण पार्ट मिळतात, उघडायला सोपी असतात आणि अनेक थिंकपॅडांच्या कीबोर्डखाली पाणी वाहून जायला चक्क नाल्या असतात. नवी साठात बसत नसेल तर चांगली रिफर्बिश्ड घ्या, मला त्यात काही कमीपणा वाटत नाही, आयटी कंपन्यांतून तीन-चार वर्षं वापरून निघालेली अशी मशिनं पुण्यात भरपूर. फक्त तीन गोष्टी बघायच्या. इंटेल असेल तर प्रोसेसर आठव्या जनरेशनचा किंवा पुढचा, कारण विंडोज ११ ला तो लागतो आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बायोसला, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगला, पासवर्ड नाही ना, हे मशीन चालू करून बायोसमध्ये शिरून बघायचं, नुसतं तोंडी ऐकायचं नाही. आणि विंडोज नव्याने टाकल्यावर लॉगिनला जुन्या कंपनीचं नाव येत नाही ना. ते आलं तर मशीन अजून त्या कंपनीच्या ताब्यात आहे असं समजा, फुकट दिलं तरी घेऊ नका.

मिलिटरी ग्रेड या शब्दावर जाऊ नका. मिल-स्टँडर्ड ८१० ही अमेरिकन सैन्याची टेस्ट कशा घ्यायच्या याची पद्धत आहे, त्यातल्या कुठल्या टेस्ट घ्यायच्या ते कंपनी स्वतः ठरवते, सैन्याने काही शिक्का मारलेला नसतो. त्यापेक्षा घेतानाच अ‍ॅक्सिडेंटल डॅमेजचं कव्हर जोडून घ्या, कारण साध्या वॉरंटीत पडणं, फुटणं आणि पाणी जाणं काहीच बसत नाही, आणि तुम्हाला नेमकं तेच होणारे.

चार्जिंगला टाइप-सी हवंच आणि शक्यतो असे दोन पोर्ट. का ते ऐका, ट्रेनमध्ये वायर आडवी, चहावाल्याचा पाय अडकला, पोर्ट ओढला गेला, आणि हा पोर्ट बऱ्याचदा थेट मदरबोर्डावर सोल्डर केलेला असतो. एक गेला तर दुसऱ्यावर दौरा पूर्ण होतो. ६५ वॉटचा गॅन (गॅलियम नायट्राइडचा, आकाराने लहान) चार्जर घेतलात तर मोबाईलचा वेगळा न्यायला नको, वजन निम्म्याने उतरतं. पण चार्जरवर ६५ लिहिलंय म्हणजे लॅपटॉपला ६५ मिळतीलच असं नाही, दुसऱ्या भोकात मोबाईल लावला की बहुतेक चार्जर वॉट वाटून देतात, मग लॅपटॉप स्लो चार्जरचा मेसेज दाखवतो आणि लोक घाबरून मला फोन करतात. केबलचंही तसंच. साधी सी-टू-सी केबल तीन अँपियरची, म्हणजे २० व्होल्टवर ६० वॉटपर्यंत, त्याच्या वर न्यायचं तर पाच अँपियरची केबल लागते जिच्या टोकात एक छोटी चिप असते. घेताना १०० वॉटची मागा. तापकीर गल्लीत सगळं मिळतं, पण घासाघीस केबलवर करू नका, बाकी कशावरही करा.

बऱ्याच जणांचा एक प्रश्न असतो, तुम्हालाही अनुभव असेल. कोकणात लॉजवर किंवा होमस्टेत लॅपटॉप चार्जिंगला लावला की मेटलच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. लॅपटॉप खराब झालेला नसतो, अर्थिंग नसतं. चार्जरमध्ये विजेतला गोंधळ (नॉइज) गाळायला बसवलेला एक कपॅसिटर असतो, त्यातून अगदी किंचित करंट बॉडीवर येतो आणि अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो. तीन पिनचा चार्जर दोन पिनच्या कन्व्हर्टरमधून लावला, किंवा सॉकेटची तिसरी पिन नुसतीच शोभेची असली, की तो करंट तुमच्यातून वाट काढतो. जीव जाण्याइतका नसतो, पण ओल्या फरशीवर अनवाणी बसून काम करू नका, चप्पल घाला, किंवा चार्ज करून घ्या आणि मग बॅटरीवर काम करा. लाइट गेली की चार्जर काढून ठेवा आणि आल्यावर पाच मिनिटांनी लावा, येताना व्होल्टेज कसं येईल याचा भरवसा नसतो. विजा चमकत असल्या तर अर्थातच काढायचा.

ट्रेनचं एवढंच, डब्यातल्या चार्जिंगच्या प्लगला बहुतेक ठिकाणी ११० व्होल्ट असतात, घरच्यासारखे २३० नाहीत. तुमच्या चार्जरवर इनपुट १०० ते २४० लिहिलेलं असतं त्यामुळे चालतो. सॉकेट सैल असेल आणि ठिणगी दिसली तर नाद सोडा. रात्री ११ ते पहाटे ५ बऱ्याच गाड्यांत प्लग बंद ठेवतात, तेव्हा रात्रीच्या गाडीत बसायच्या आधीच चार्ज करा.

आता पाऊस, ज्याच्यावर आमचं निम्मं पोट चालतं. सॅकचं रेनकव्हर समोरून आणि वरून झाकतं, पाठीची बाजू उघडीच असते, आणि पाणी मानेवरून पाठीवर आणि पाठीवरून थेट लॅपटॉपच्या कप्प्यात उतरतं. स्कूटरवर पायाशी सॅक ठेवली असेल तर पुढच्या चाकाचा चिखल वेगळाच. ट्रेकवाले वापरतात ती गुंडाळून बंद करायची ड्राय बॅग घ्या, लॅपटॉप स्लीव्हसकट तिच्यात आणि मग सॅकमध्ये, एवढं केलं तर ताम्हिणीत ढगफुटी झाली तरी झोप लागेल.

न भिजताही पाणी आत जातं, ते असं. एसी गाडीत चार तास थंड झालेला लॅपटॉप तुम्ही चिपळूणला उतरून दमट हवेत लगेच उघडता, थंड पेल्याला बाहेरून घाम फुटतो तसा आत बोर्डाला फुटतो. पोचल्यावर अर्धा-पाऊण तास चेन न उघडता सॅकमध्येच राहू द्या, बाहेरच्या तापमानाला आला की उघडा. आणि कोकणात आठ दिवस राहणार असाल तर रोज तासभर तरी चालू ठेवा, स्वतःच्या उष्णतेने तो स्वतःला वाळवतो. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, रंग बदलणाऱ्या असतील तर उत्तम. निळी गुलाबी झाली किंवा नारिंगी हिरवी झाली की तिचं पोट भरलं.

खरंच पाणी सांडलं तर? चार्जर काढा, पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा, फाइल सेव्ह करत बसू नका. उघडून तंबूसारखा उलटा ठेवा, कीबोर्ड खालच्या बाजूला, म्हणजे पाणी आलं तसं बाहेर जाईल. तांदळात पुरू नका हो! तांदूळ आतलं पाणी ओढत नाही, उलट फॅनच्या जाळीत कणी अडकते, मी चिमट्याने काढलीय. हेअर ड्रायरही नको, गरम हवा पाणी आणखी आत ढकलते. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे दुसऱ्या दिवशी चालू होतंय का ते बघणं. बंद दिसलं तरी आतली बॅटरी बोर्डाला जोडलेली असते, ओल्या बोर्डावरून करंट वाहत राहतो आणि तांब्याला हिरवट कीड लागते. दोन दिवसांत आणलेलं मशीन उघडलं की नुसता ओलसर डाग असतो, ब्रश आणि अल्कोहोलने धुऊन पुष्कळदा वाचतं. पंधरा दिवसांनी आणलेलं उघडलं की कनेक्टरच्या पायांवर हिरवी-पांढरी भुकटी, आणि एखादा पाय ब्रश लावताच गळून पडतो. साखरेचा चहा साध्या पाण्यापेक्षा वाईट, समुद्राचं पाणी सगळ्यात वाईट. गणपतीपुळ्याला पडला असेल तर तिथेच जवळचा रिपेअरवाला शोधा आणि निदान बॅटरीचं कनेक्शन सोडवून घ्या, बाकीचं पुण्यात आल्यावर.

लेहची गोष्ट वेगळी. लेह गाव साधारण ३,५०० मीटरवर आहे, खारदुंगला ५,३५९ मीटर. अ‍ॅपलच्या मॅकबुकच्या कागदांवर वापरायची कमाल उंची ३,००० मीटर दिलेली असते. म्हणजे लेहला लॅपटॉप चालत नाही असं नाही, तिथली माणसं रोज वापरतात, पण हवा विरळ झाली की फॅन तितकाच फिरूनही उष्णता कमी उचलतो, त्यामुळे जड काम टाकलं की मशीन लवकर तापून हळू होतं. खरी अडचण जुन्या फिरत्या हार्ड डिस्कची, तिचं डोकं तबकडीवर हवेच्या पातळ थरावर तरंगत असतं, हवा विरळ झाली की ते खाली येतं, आणि बहुतेक साध्या डिस्क ३,००० मीटरपर्यंतच वापरा असं लिहिलेलं असतं. बॅकअपची जुनी डिस्क असेल तर ती पुण्यातच ठेवा, एसएसडीवाली न्या.

ऑक्टोबरात रात्री तिथे पारा शून्याच्या खाली जातो. शून्याखाली थंडगार बॅटरी चार्ज केली तर लिथियम आत मुरायच्या ऐवजी धातू होऊन वर साचतं आणि ते नुकसान कायमचं. म्हणून सकाळी गाडीतून काढलेला लॅपटॉप चार्जच होत नाही असं झालं तर घाबरू नका, बऱ्याच मशिनींतलं सर्किटच अडवतं. खोलीत तासभर ठेवा आणि मग लावा. रात्री गाडीत सोडूच नका, पांघरुणात घ्या. उलटं टोक आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये, उन्हात उभ्या केलेल्या गाडीत सहज साठ डिग्रीच्या आसपास जातं, बॅटरीचं एका उन्हाळ्यात वर्षाचं वय होतं.

विमानाला लोहगावहून जाणार असाल तर लॅपटॉप आणि पॉवरबँक केबिनमध्ये हातातल्या बॅगेतच, पॉवरबँक तर चेक-इनमध्ये अजिबात चालत नाही. कारण साधं आहे, केबिनमध्ये पेटलं तर कुणीतरी बघतं आणि विझवतं. शंभर वॉट-अवरपर्यंत (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) बॅटरी बिनापरवानगी नेता येते, १०० ते १६० ला एअरलाइनची परवानगी. लॅपटॉपांची काळजी नको, मोठ्या मॅकबुक प्रोची बॅटरीही मुद्दाम ९९.६ ला ठेवलीय. गडबड पॉवरबँकची होते, तिच्यावर एमएएच लिहिलेले असतात. त्याला ३.७ ने गुणा आणि हजाराने भागा, २०,००० एमएएचचे ७४ वॉट-अवर झाले, चालेल. ३०,००० चे १११, काउंटरवर वाद होईल. सिक्युरिटीच्या एक्स-रेने एसएसडीला काही होत नाही, ट्रेमध्ये लॅपटॉपवर बेल्ट आणि बूट टाकू नका एवढंच.

डेटाचं थोडक्यात पण नीट वाचा. विंडोज ११ वाल्या नव्या लॅपटॉपांत डिस्क बहुतेक वेळा आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे किल्लीशिवाय कुणाला वाचता येत नाही, चोरी झाली तर ते चांगलंच. पण मदरबोर्ड बदलला की मशीन ४८ आकडी रिकव्हरी की मागतं, ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते आणि त्या अकाउंटचा पासवर्ड नवरा-बायकोपैकी कुणालाच आठवत नसतो. माझ्यासमोर बसून लोक रडलेत, आणि आम्ही त्यात काहीही करू शकत नाही. निघायच्या आधी ती की कागदावर लिहून घरी ठेवा, सिरियल नंबर आणि बिलाचा फोटोही. चोरीला गेलेला मोबाईल सरकारच्या संचार साथी पोर्टलवरून ब्लॉक करता येतो, लॅपटॉपचं तसं होत नाही, त्याला सहसा मोबाईलसारखा आयएमईआय ओळख नंबरच नसतो, मग पोलिसांना द्यायला सिरियल नंबरच कामाला येतो. साइटचे फोटो रोज रात्री छोट्या बाहेरच्या एसएसडीवर, आणि ती एसएसडी लॅपटॉपच्या सॅकमध्ये नको, कपड्यांच्या बॅगेत.

आणि हो, तो बॅटरी फुगलेला लॅपटॉप अजून घरात कुठेतरी कपाटावर असेल तर त्याला परत चार्जिंगला लावून बघू नका, टचपॅड दाबून बसवायचा प्रयत्न तर मुळीच नको. कापडात गुंडाळा, गादी-कपड्यांपासून लांब ठेवा आणि या आठवड्यात कुठल्याही रिपेअरवाल्याकडे नेऊन बॅटरी काढून घ्या. बाकी मशीन बहुतेक ठीक असेल. नवी बॅटरी टाकली तर कदाचित तुमचा तिसऱ्याचा खर्च लेहहून येईपर्यंत पुढे ढकलता येईल, आधी ते बघा आणि मग साठ हजार काढा.